‘तुमची नोटीस आमच्याकडे आलेलीच नाही’: करार थांबवण्याच्या एका पत्राचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका छोट्या डिझाइन ऑफिसचं आहे. त्याची कागदपत्रं नीट लावून देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. नावं आणि रकमा काढून टाकल्या आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

ऑफिसचे दोन भागीदार. मोठ्या प्रिंटरच्या देखभालीचा वार्षिक करार एका सर्व्हिस कंपनीशी होता आणि त्याची मुदत ३० जूनला संपत होती. कंपनीने प्रिंटरला स्वतःचं एक छोटं उपकरण जोडलं होतं. किती पानं छापली याचा आकडा ते परस्पर कंपनीकडे पाठवायचं. टोनरचा थोडा साठाही कंपनीच्याच मालकीचा, ऑफिसमध्ये ठेवलेला. या दोन वस्तू पुढे फार उपयोगी पडल्या.

प्रिंटर जुना झाला होता आणि तो काढून टाकायचं ठरलं. करार पुढे चालवण्यात अर्थ नव्हता. करारातलं कलम थोडक्यात असं: मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, लेखी नोटीस ‘मिळाली’ नाही, तर करार आपोआप आणखी एका वर्षासाठी वाढेल. शब्द ‘मिळाली’ असा होता, ‘पाठवली’ असा नव्हता. प्रकरणाची सगळी भिस्त त्यावरच होती.

अडचण

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ऑफिसने करार थांबवत असल्याचं कंपनीला तीनदा कळवलं होतं. तरीही त्यांच्या हातात पुरावा म्हणावा असं जवळपास काहीच नव्हतं.

पहिल्यांदा सर्व्हिस इंजिनिअरला तोंडी सांगितलं. तो म्हणाला, “सांगतो वर.” दुसऱ्यांदा सेल्सच्या माणसाला मोबाइलवर मेसेज केला. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं. तिसऱ्यांदा कंपनीच्या वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म भरला. पडद्यावर ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क साधू’ असं झळकलं. ना नंबर, ना ईमेल, ना भरलेल्या मजकुराची प्रत.

लहान भागीदाराच्या मते एवढं पुरेसं होतं. अंगठा म्हणजे होकारच ना, असं त्याचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही. कॅनडातल्या एका न्यायालयाने २०२३ मध्ये धान्यखरेदीच्या व्यवहारात अंगठ्याचं चित्र हीच करारावरची मान्यता धरली होती. पण तिथे दोन्ही पक्षांनी आधीचे सौदेही फोनवर अशाच एका-दोन शब्दांच्या उत्तरांनी पक्के केले होते. इथे करारात पत्ता नेमून दिलेला होता आणि सेल्सच्या माणसाला नोटीस स्वीकारण्याचा अधिकार असल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं. अंगठ्याने एवढंच दिसतं की त्या माणसाने मेसेज पाहिला. कंपनीला नोटीस मिळाली हे त्यातून सिद्ध होत नाही.

मोठ्या भागीदार बाईंनी १९ मे रोजी करार काढून शांतपणे वाचला आणि तेव्हा खरी स्थिती लक्षात आली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्याच दिवशी झाला. आधीचं सगळं झालंच नाही असं समजून पहिल्यापासून सुरुवात करायची. आधी कळवलेल्याचा आधार घेत बसले असते तर उरलेले दिवसही हातचे गेले असते.

दिवस मोजण्याचा प्रश्न

३० जूनच्या ३० दिवस आधी म्हणजे ३१ मे. पण शेवटचा दिवस धरायचा की सोडायचा, सुट्टीच्या दिवशी आलेलं पत्र कोणत्या तारखेचं मानायचं, याबद्दल करारात एक शब्द नव्हता. बाईंनी त्या वादात न पडता नोटीस २५ मेपर्यंत पोहोचलीच पाहिजे असं ठरवलं. किमान मुदतीच्या काठावर उभं राहिलं की समोरच्याला तारखेवर भांडायला जागा मिळते, आणि मग मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

‘पोस्टात टाकल्याची तारीख धरतात’ हा समज ऑफिसमध्येही होता आणि तो फार पसरलेला आहे. त्याचं मूळ इंग्लंडमधल्या १८१८ च्या एका निकालात सापडतं. प्रस्तावाला दिलेला होकार टपालात टाकताक्षणी पक्का होतो, असं त्या निकालाने धरलं. पण तो नियम होकारापुरता आहे. प्रस्ताव मागे घेण्याचं पत्र समोरच्याला मिळाल्यावरच लागू होतं, हे तिथल्याच न्यायालयाने १८८० मध्ये स्पष्ट केलं. करार संपवण्याच्या नोटिशीचा दिवस तर मुख्यतः करारातले शब्दच ठरवतात, आणि शब्द नसतील तर मिळण्याचाच प्रश्न उभा राहतो. युनायटेड किंगडमच्या सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१८ चा निकाल या बाबतीत बोलका आहे. मालकाने नोकरी संपवण्याची नोटीस टपालाने घरी पाठवली तेव्हा कर्मचारी सुट्टीवर परदेशी होती. नोटीस कधी मिळाली असं मानायचं, याबद्दल नोकरीच्या करारात काही नव्हतं. न्यायालयाने बहुमताने ठरवलं की पत्र घरी येऊन पडलं तो दिवस धरायचा नाही. तिने ते वाचलं, किंवा वाचण्याची रास्त संधी तिला मिळाली, तो दिवस धरायचा. त्या मोजक्या दिवसांवर तिच्या पेन्शनचा फार मोठा फरक अवलंबून होता.

कोणते पर्याय समोर होते

फक्त ईमेल पाठवणं सर्वांत सोपं. पण ईमेलने नेमकं काय सिद्ध होतं हे समजून घ्यायला हवं. आपला सर्व्हर पत्र पुढे देतो आणि समोरचा सर्व्हर ‘२५०’ हा उत्तराचा आकडा परत करतो, तेव्हा ते पत्र पुढे पोहोचवण्याची जबाबदारी त्या सर्व्हरने घेतलेली असते. ईमेलच्या वाहतुकीचे तांत्रिक नियम, म्हणजे आरएफसी ५३२१, हेच सांगतात. ही नोंद चांगली असते, पण ती सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. आपल्या ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये ती नसते. तो फोल्डर फक्त आपली बाजू दाखवतो. वाचल्याची पावती मागता येते, पण ती द्यायची की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर असतं. न आलेल्या पावतीवरून काहीच ठरत नाही.

शिवाय पत्ता कोणता, हा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारासाठी नमुना कायदा केला. त्यात असा भेद आहे की घेणाऱ्याने एखादी प्रणाली नेमून दिली असेल, तर संदेश तिच्यात शिरला तीच मिळाल्याची वेळ. त्याच्या दुसऱ्याच एखाद्या पत्त्यावर पाठवला, तर त्याने तो उघडून घेतला ती वेळ. भारताच्या २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १३ याच वळणाचं आहे. या करारात नोटिशीसाठी ईमेल पत्ता नेमलेलाच नव्हता, फक्त ग्राहकसेवेचा सर्वसाधारण पत्ता होता. त्यामुळे ईमेल जोडीला हवा, पण एकट्यावर विसंबून चालणार नव्हतं.

दुसरा पर्याय रजिस्टर पोस्ट, पोचपावतीसह. करारातली पत्त्याची अट याने पूर्ण होते. यातली उणीव अशी की पोचपावती लिफाफ्याची असते, आतल्या कागदाची नसते. लिफाफा मिळाला, आत भलताच कागद होता, असं म्हणायला समोरचा मोकळा राहतो.

तिसरा पर्याय शाखेत जाऊन हातोहात पत्र देणं आणि स्थळप्रतीवर शिक्का घेणं. यात मजकूर आणि पोच एकाच कागदावर येतात, हे याचं मोठं बळ. पण शाखा म्हणजे नोंदणीकृत पत्ता नव्हे.

वकिलाची नोटीस हा चौथा पर्याय चर्चेतच मागे पडला. वाद अजून उभाच राहिला नव्हता.

शेवटी पोस्ट, ईमेल आणि हातोहात, तिन्ही करायचं ठरलं. प्रत्येकाची उणीव वेगळी होती आणि एकाची दुसऱ्याने भरून निघत होती.

काय केलं

पत्र एका पानाचं होतं. वर करार क्रमांक आणि ज्या कलमाखाली नोटीस दिली त्याचा उल्लेख. मग एकच सरळ वाक्य: ‘हा करार ३० जून रोजी संपेल, तो पुढे वाढवायचा नाही.’ तक्रारी, कारणं, नाराजी यांतलं काही नाही. पहिल्या मसुद्यात सेवेबद्दलची गाऱ्हाणी होती आणि ती बाईंनी खोडली. तो निर्णय मला पूर्ण पटतो. गाऱ्हाण्यांनी भरलेलं पत्र सहज ‘तक्रार’ या खात्यात ढकललं जातं आणि करार रद्द करण्याची सूचना त्यातच हरवते.

त्यानंतर पत्रात दोन प्रश्न घातले. शेवटचं मीटर रीडिंग, म्हणजे छापलेल्या पानांचा आकडा, कोणत्या तारखेला आणि कसं पाठवायचं? कंपनीचं उपकरण आणि टोनरचा साठा कधी नेणार? हे प्रश्न उगाच घातलेले नव्हते. आपण कितीही पावत्या जमवल्या तरी त्या आपल्या बाजूच्या. मिळाल्याचा सर्वांत भक्कम पुरावा तो, जो मिळणाऱ्याच्याच हातून तयार होतो. ‘नोटीस मिळाल्याचं कळवावं’ या विनंतीकडे कंपन्या दुर्लक्ष करतात, कारण उत्तर न दिल्याने त्यांचं काही अडत नाही. स्वतःची वस्तू परत घ्यायची असेल, शेवटचं बिल काढायला आकडा हवा असेल, तर मात्र त्यांना उत्तर द्यावंच लागतं. आणि ते उत्तर देताना पत्राचा उल्लेख येतोच.

२० मे रोजी पत्रावर सही झाली. लिफाफा बंद करण्याआधी पत्राचं स्कॅन काढलं. ऑफिसमधल्या दोन सहकाऱ्यांनी कागद आत घालताना पाहिला आणि स्थळप्रतीच्या मागे तशी नोंद करून सह्या केल्या. पोस्टातून परत येताच ग्राहकसेवेच्या पत्त्यावर ईमेल गेला. सोबत स्कॅन, आणि मजकुरात ‘हेच पत्र आज अमुक नोंदणी क्रमांकाने आपल्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवलं आहे’ हे वाक्य. लिफाफा आणि मजकूर यांची गाठ या एका वाक्याने बांधली गेली. काही मिनिटांत तिकीट नंबर असलेलं आपोआप उत्तर आलं आणि त्यात मूळ ईमेलचा विषय जसाच्या तसा होता: करार रद्द करण्याची नोटीस.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः शाखेत गेल्या. स्वागतकक्षातल्या मुलीने शिक्का द्यायला नकार दिला. “मॅडम, आम्हाला याचा अधिकार नाही. हेड ऑफिसला पाठवा.”

“तिकडेही पाठवलंय. तुमची मंजुरी नकोय मला, फक्त कागद मिळाला एवढं लिहा.”

थोड्या वेळाने आतून विचारून येऊन तिने लिहिलं: ‘मिळाले, मजकूर तपासलेला नाही.’ खाली शिक्का, तारीख आणि आद्याक्षरं. लहान भागीदाराला ही ओळ पाहून वाईट वाटलं. त्याच्या मते पोच कच्ची झाली होती. मला तसं वाटत नाही. त्या कागदाने मजकूर मान्य आहे असं म्हणणं अपेक्षितच नव्हतं. विशिष्ट मजकूर असलेला कागद विशिष्ट तारखेला कंपनीच्या माणसाच्या हातात होता, एवढं त्याने सांगायचं होतं आणि ते त्याने सांगितलं.

रजिस्टर पोस्ट २३ मे रोजी पोहोचलं. ट्रॅकिंगच्या पानाची प्रत त्याच दिवशी काढून ठेवली. अशा नोंदी काही काळाने दिसेनाशा होतात आणि वाद तर महिन्यांनंतर उभे राहतात.

२८ मे रोजी ज्याची वाट पाहिली जात होती ते उत्तर आलं. कंपनीच्या सर्व्हिस विभागाने लिहिलं: ‘आपल्या २० मेच्या पत्राच्या संदर्भात, उपकरण ३० जूननंतर नेण्यात येईल. कृपया ३० जूनच्या रीडिंगचा फोटो पाठवावा.’ ना आभार, ना ‘करार रद्द केला’ असं काही. तरी माझ्या लेखी संपूर्ण फाइलमधली सर्वांत मोलाची ओळ हीच.

कंपनीचे आक्षेप

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या वर्षाचं बिल आलं आणि बँकेतून पैसेही आपोआप कापले गेले. फोन केल्यावर बिलिंग विभागाचं उत्तर ठरलेलं: “आमच्या सिस्टिममध्ये नोटीस दिसत नाही.”

या वाक्याचा अर्थ नीट धरला पाहिजे. बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा खरंच सांगत असते, तिच्या पडद्यावर खरोखर काही नसतं. पण कंपनीला मिळणं आणि कंपनीच्या एका विभागाच्या पडद्यावर दिसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दाराच्या आत आलेला कागद आत कुठे अडकला, हा कंपनीचा घरचा प्रश्न.

फोनवरचं बोलणं तिथेच थांबवून ऑफिसने सगळं लेखी मागितलं. मग आक्षेप एकामागून एक बदलत गेले. पोचपावतीची प्रत दाखवल्यावर कंपनी म्हणाली, लिफाफा आला असेल, पण त्यात रद्द करण्याची नोटीस असल्याचा पुरावा काय? त्याला त्याच दिवशीचा, नोंदणी क्रमांकासह असलेला ईमेल उत्तर होता, आणि कंपनीचाच तिकीट नंबर. मग सही सुरक्षारक्षकाची आहे, अधिकाऱ्याची नाही, असा मुद्दा निघाला. पण करारात पत्त्यावर मिळण्याची अट होती. कोणाच्या हातात, हे लिहिलेलं नव्हतं. टपाल गेटवर घ्यायची व्यवस्थाही कंपनीचीच.

शेवटचा आक्षेप मात्र वजनदार होता. ९ जुलै रोजी प्रिंटरमध्ये कागद अडकला आणि ऑफिसमधल्या एका मुलाने सवयीने कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. इंजिनिअर येऊन काम करून गेला. करार संपला होता तर सेवा कशी मागितली, असा कंपनीचा सवाल. तो रास्तच होता. स्वतःच्याच वागण्याने नोटिशीला छेद दिल्यासारखं दिसत होतं, आणि याला आधीपासून तयार असलेलं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

इथे दोन्ही भागीदारांचं मत वेगळं पडलं. लहान भागीदाराला त्या भेटीचा विषयच काढायचा नव्हता. बाईंनी उलट केलं. कंपनीला पाठवायच्या एका पानाच्या तारीखवार तक्त्यात ९ जुलैची भेट स्वतःहून लिहिली, ती चुकून मागितली गेल्याचं सांगितलं आणि त्या एका भेटीचे पैसे वेगळे द्यायची तयारी दाखवली. तक्त्यात प्रत्येक तारखेसमोर एकच पुरावा जोडला होता, आणि २८ मेच्या कंपनीच्या ईमेलमधली ओळ ठळक छापली होती. आधीचा अंगठा, इंजिनिअरचं ‘सांगतो वर’, वेबसाइटचा फॉर्म यांचा उल्लेखही केला नाही. कमकुवत पुरावे जोडले की समोरचा त्यांवरच बोट ठेवतो.

निकाल

हा तक्ता बिलिंगऐवजी तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेला. तिथून उत्तर यायला काही दिवस लागले. आलं तेव्हा बिल मागे घेतल्याचं होतं आणि कापलेली रक्कम, ९ जुलैच्या भेटीचे पैसे वजा करून, परत मिळाली. कंपनीने कुठलाही आक्षेप चुकीचा होता असं मान्य केलं नाही. ऑफिसनेही तो आग्रह धरला नाही.

एका गोष्टीवर मात्र बाई अडून बसल्या. कंपनीच्या ईमेलमध्ये फक्त ‘केस बंद’ असं होतं. ‘करार ३० जून रोजी संपला, काही येणं बाकी नाही’ हे त्यांना लेटरहेडवर हवं होतं. अशी थकबाकी कधीकधी वसुली एजन्सीकडे जाते आणि वर्षभराने पुन्हा डोकं वर काढते. दोनदा आठवण केल्यावर ते पत्र आलं.

काय वेगळं करता आलं असतं

करार मे महिन्यात नव्हे, तर प्रिंटर काढायचं ठरलं त्याच दिवशी वाचायला हवा होता. त्यात फार खोलात जाण्यासारखं काही नाही.

बँकेच्या आदेशाचा प्रश्न जास्त अवघड आहे. आपोआप कापले जाणारे पैसे आधीच थांबवावेत, असं लहान भागीदार जूनमध्ये म्हणत होता. बाईंना भीती होती की जूनचा हप्ता अडकला तर कंपनी थकबाकीचा मुद्दा काढेल. भीती खरी होती, पण मधला मार्ग होता. जूनचा हप्ता गेल्यावर लगेच बँकेला आदेश रद्द करायला सांगायचं आणि कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवायचं. पैसे थांबवल्याने करार संपत नाही, हे खरं. पण पैसे आपल्याकडे असताना वाद घालणं आणि ते परत मागत फिरणं यांत फार अंतर आहे.

ईमेलची जपणूकही नीट झाली नव्हती. फाइलमध्ये स्क्रीनशॉट होते. मूळ ईमेल पूर्ण हेडरसह, म्हणजे तो कधी आणि कोणत्या सर्व्हरमधून गेला याच्या तांत्रिक नोंदीसह, वेगळा साठवलेला नव्हता. सुदैवाने खातं चालू होतं, म्हणून तो नंतर काढता आला. पुढे पाठवलेल्या प्रतीत मूळ हेडर राहत नाहीत आणि स्क्रीनशॉटवर शंका घेणं सोपं असतं. पोस्टातून एखादं पत्र ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं, तर तो लिफाफाही न फोडता तसाच ठेवायला हवा.

हा सगळा खटाटोप ग्राहकाच्या माथी असावा का, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो. जर्मनीने १ जुलै २०२२ पासून वेगळी वाट धरली आहे. ज्या सततच्या सेवांचे करार वैयक्तिक ग्राहकांना वेबसाइटवरून करता येतात, त्यांसाठी रद्द करण्याचं बटण तिथे द्यावंच लागतं. ते दाबल्यावर मजकूर, मिळाल्याची तारीख आणि वेळ कंपनीने ताबडतोब लेखी कळवायची, आणि नोटीस लगेच मिळाली असंच गृहीत धरलं जातं. दोन व्यवसायांमधल्या आपल्या प्रकरणासारख्या करारांना तो नियम लागू नाही. पण पुराव्याचं ओझं कुठे असावं, याचं उत्तर मला त्यात दिसतं.

राहिली ९ जुलैची भेट. नोटीस देणाऱ्या दोघांना सगळं माहीत होतं, बाकीच्या ऑफिसला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रिंटरवर चिकटवलेला हेल्पलाइनचा नंबर १ जुलैला काढून टाकला असता, तर कंपनीकडे एकही खरा आक्षेप उरला नसता.